पारंपरिक धनुष्याने मोठी शिकार: साहित्य निवडताना आणि जुळवताना

बंदुकीची गोळी आणि बाण यांच्या मारण्याच्या रीतीत मुळातच फरक आहे, आणि साहित्य निवडताना नवखा शिकारी नेमका हाच फरक विसरतो. गोळी आघाताने जनावर पाडते, बाण कापतो. धारदार पाते दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेले, तर रक्तदाब काही सेकंदांत कोसळतो आणि जनावर बहुधा नजरेच्या टप्प्यातच पडते. तेच पाते बोथट असेल, किंवा बाण तिरका उडत येऊन बरगडीवर आपला सगळा जोर घालवून बसला असेल, तर ते जनावर जखम घेऊन तासन्‌तास भटकते आणि कित्येकदा सापडतच नाही. त्यामुळे नैतिक शिकारीचा विचार शिकारीच्या दिवशी सुरू होत नाही. तो धनुष्य विकत घेताना सुरू होतो. पुढचे विवेचन लाँगबो (लांब, साधे धनुष्य) आणि रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले धनुष्य) या चाके नसलेल्या, साधारणपणे साइट म्हणजे नेम धरण्याच्या साधनाविना वापरल्या जाणाऱ्या धनुष्यांसाठी आहे. जिथे कायद्याने अशा शिकारीला मुभा आहे तिथलाच परवाना, हंगाम आणि किमान ओढीचा नियम आधी वाचून घ्यावा, कारण निवडीच्या काही गोष्टी तो नियमच ठरवून टाकतो.

ओढ किती असावी

धनुष्य पूर्ण खेचताना बोटांवर जे वजन येते त्याला ड्रॉ वेट म्हणतात; मी त्याला ओढ म्हणतो. कंपाउंड धनुष्यात पूर्ण खेचल्यावर चाकांमुळे बराचसा भार उतरतो, पारंपरिक धनुष्यात मात्र शेवटच्या इंचाला भार सर्वांत जास्त असतो आणि बाण सुटेपर्यंत तो तुमच्याच पाठीच्या स्नायूंवर राहतो. धनुष्यावर ‘४५ पौंड, २८ इंच’ असे लिहिलेले असते, म्हणजे २८ इंच खेचल्यास ४५ पौंड. तुमची खेचण्याची लांबी २६ इंच असेल, तर दर इंचाला साधारण २ ते ३ पौंड कमी धरून तेच धनुष्य तुमच्या हातात ४० पौंडांच्या आसपास भरेल. म्हणून पहिले काम लांबी मोजण्याचे. एखादे हलके धनुष्य घ्यावे, त्यावर लांब बाण चढवावा, नेहमीच्या पद्धतीने गालाशी ठरलेल्या जागी हात टेकवावा आणि दुसऱ्या कोणालातरी धनुष्याच्या पुढच्या कडेपाशी बाणावर खूण करायला सांगावे. असे तीनचार वेळा करावे, कारण कोणी मोजते आहे हे कळले की माणूस उगाच अर्धा इंच जास्त खेचतो.

ओढ निवडताना बहुतेकांचा अहंकार आड येतो, आणि माझाही आला होता. माझे पहिले शिकारी धनुष्य ६० पौंडांचे होते आणि ते मी दुकानात तीनदा खेचून दाखवले होते. पुढचे वर्षभर मी ते पूर्ण खेचण्याआधीच सोडत राहिलो, दोरी सोडताना हात बाहेर झटकत राहिलो आणि दोष बाणांना देत राहिलो. ४५ पौंडांच्या भुजा, म्हणजे मुठीच्या वरचे आणि खालचे वाकणारे भाग, बसवल्यावर पंधरवड्यात बाण एकत्र पडू लागले. आता मी नवख्याला एकच कसोटी सांगतो: स्टुलावर बसून, धनुष्य आभाळाकडे न उचलता, निशाणाच्या रेषेतच धरून ते सावकाश खेचता आले पाहिजे आणि गालाशी तीनचार सेकंद हात न थरथरता थांबता आले पाहिजे. थंडीत तासभर हलचाल न करता बसल्यावर स्नायू आखडतात, तेव्हा घरी जेमतेम जमणारी ओढ तिथे जमत नाही. हरणाच्या आकाराच्या जनावरासाठी बोटांवर प्रत्यक्ष ४० ते ५० पौंड, नीट जुळवलेल्या जड बाणासह, पुरेसे असतात. एल्क किंवा मूससारख्या मोठ्या जनावरासाठी ५० किंवा त्याहून थोडे अधिक असलेले बरे, पण तेही ओढ हळूहळू वाढवत नेल्यावरच.

धनुष्याचा प्रकार हा त्यामानाने कमी महत्त्वाचा प्रश्न आहे. लाँगबो हलका आणि चुका बराचसा पोटात घालणारा असतो. रिकर्व्ह त्याच ओढीत बाणाला सहसा थोडी अधिक गती देतो आणि हातात जड, स्थिर वाटतो. सुरुवात करणाऱ्याने ज्याच्या भुजा सुट्या होतात असा टेकडाउन रिकर्व्ह घ्यावा असे माझे मत आहे, कारण ३० ते ३५ पौंडांच्या भुजांवर शिकून त्याच मुठीवर पुढे जड भुजा बसवता येतात. धनुष्य फार आखूड घेऊ नये. झाडीत सोयीचे म्हणून घेतलेल्या आखूड धनुष्याची दोरी बोटांना चिमटते आणि शेवटच्या इंचांत ओढ एकदम चढते. २८ इंच खेचणाऱ्याला ६० ते ६२ इंचांचे धनुष्य सहसा मानवते. जुने धनुष्य घेत असाल तर दोरी चढवून ते टोकाकडून पाहावे: दोरी दोन्ही भुजांच्या मधोमध गेली पाहिजे. एका बाजूला सरकलेली दिसली तर भुजा पिळलेली आहे. ती बहुधा हाताने दोरी चढवल्यामुळेच पिळते, तेव्हा स्ट्रिंगर म्हणजे दोरी चढवण्याची दोरी पहिल्या दिवसापासून वापरावी. जुन्या धनुष्यांची टोके नव्या, न ताणणाऱ्या दोऱ्यांचा झटका सोसण्यासाठी बनवलेली नसतात. त्यांवर डेक्रॉन या थोड्या ताणणाऱ्या धाग्याचीच दोरी असावी. आणि बाण न लावता दोरी कधीही सोडू नये.

बाण हेच खरे हत्यार

माझ्याकडे ठरावीक रक्कम असेल तर तिच्यातला मोठा वाटा मी बाण, पाती आणि धार लावण्याच्या साधनांवर घालवीन आणि उरलेल्यात धनुष्य बघेन. हे ऐकून लोक हसतात, पण जनावरापर्यंत धनुष्य पोहोचत नाही, बाण पोहोचतो.

बाणाची पहिली गोष्ट म्हणजे दांड्याचा ताठपणा, ज्याला स्पाइन म्हणतात. दोरी सुटली की तिचा धक्का बाणाच्या शेपटीला बसतो आणि टोक जागच्या जागी राहू पाहते, त्यामुळे दांडा वाकतो. मग मासोळीसारखा डावीउजवीकडे लवत तो धनुष्याच्या मुठीला वळसा घालून पुढे जातो. याला धनुर्धराचा विरोधाभास म्हणतात, आणि क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात अतिवेगवान चित्रणाने ही लवण प्रत्यक्ष दाखवून दिली. दांडा हवा त्यापेक्षा ताठ असेल तर तो मुठीवर घासून उजव्या हाताने सोडणाऱ्याच्या डावीकडे जातो. लवचीक असेल तर उजवीकडे. कार्बनच्या दांड्यावर ५००, ४०० असा आकडा असतो: २८ इंचांच्या अंतरावरच्या दोन आधारांवर दांडा ठेवून मध्ये १.९४ पौंडांचे वजन टांगले की तो जितका झुकतो, तितके इंचाचे हजारांश. म्हणजे आकडा जितका मोठा, तितका दांडा लवचीक. लाकडी दांडे वेगळ्या रीतीने मोजतात, २६ इंचांवर २ पौंड, आणि त्यांचा ताठपणा पौंडांत सांगतात. दोन्ही मापे एकमेकांत मिसळू नयेत.

हा आकडा केवळ सुरुवात आहे. दांडा लांब ठेवला किंवा पुढे जड टोक लावले की बाण लवचीक वागतो; कापून आखूड केला किंवा टोक हलके केले की ताठ वागतो. म्हणून दांडे कधीही तयार लांबीत कापून घेऊ नयेत. पूर्ण लांबीचे घ्यावेत आणि टोकांचा एक वेगवेगळ्या वजनांचा संच घ्यावा, १२५ पासून २५० ग्रेनपर्यंतचा. कापलेला दांडा परत जोडता येत नाही, टोक मात्र पाच मिनिटांत बदलता येते.

दुसरी गोष्ट वजन. बाणाचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड. बोटांवरच्या प्रत्येक पौंडाला १० ग्रेन हे जुने, भरवशाचे प्रमाण आहे. ४६ पौंडांच्या ओढीला ४६० ग्रेन, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम, ही मी खालची मर्यादा मानतो आणि मोठ्या जनावरासाठी त्याच्या वर जातो. जड बाण हळू जातो हे खरे, पण तो धनुष्यातली ऊर्जा अधिक पूर्णपणे उचलतो, धनुष्याचा आवाज कमी करतो आणि कातडी, स्नायू व बरगडी यांतून जाताना आपला वेग लवकर सोडत नाही. बाणाच्या भेदनक्षमतेवर अनेक वर्षे प्रयोग केलेल्या डॉ. एड ॲशबी यांनी जड हाडाचा प्रश्न असेल तिथे सुमारे ६५० ग्रेनचा उंबरठा सांगितला. हरणासाठी इतके लागत नाही, परंतु वजन पुढे ठेवण्याचा त्यांचा आग्रह हलक्या ओढीच्या धनुष्यालाही उपयोगी पडतो. ते मोजायचे असे: बाण बोटावर तोलून तोलबिंदू काढावा, शेपटीच्या खाचेपासून त्याचे अंतर घ्यावे, त्यातून बाणाची अर्धी लांबी वजा करावी आणि येणाऱ्या अंतराला पूर्ण लांबीने भागावे. २९ इंचांचा बाण खाचेपासून १९ इंचांवर तोलला, तर साडेचार भागिले २९, म्हणजे साधारण साडेपंधरा टक्के. १५ टक्क्यांच्या वर असलेला बाण लवकर सरळ होतो आणि आत शिरताना शेपूट टोकाला ढकलत नाही.

पिसे खरीच असावीत. बाण धनुष्याच्या फळीवरून, म्हणजे मुठीच्या वर तो टेकतो त्या जागेवरून, सुटतो, तेव्हा प्लास्टिकचे पंख फळीवर आपटून बाणाला उडवतात, पिसे मात्र दबून निघून जातात. तीन पिसे ५ इंचांची किंवा चार पिसे ४ इंचांची, सगळी एकाच बाजूच्या पंखाची आणि किंचित पिळून चिकटवलेली. पावसात ती चिंब होऊन दांड्याला चिकटतात एवढा एकच दोष, त्यासाठी पिसांवरची पावडर आधीच लावून ठेवावी.

पाते आणि त्याची धार

पारंपरिक धनुष्यासाठी उघडणाऱ्या पात्यांचा विचारही करू नये. ती उघडण्यातच जी ऊर्जा खर्च होते ती आपल्याला परवडणारी नाही. दोन धारांचे, टोकापासूनच कापत जाणारे, एकसंध पोलादी पाते निवडावे, रुंदीपेक्षा लांबीला बरेच जास्त. तीन धारांचे पातेही चालते, मात्र ओढ कमी असेल तर दोन धारांवर थांबावे.

धारेबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण कारखान्यातून आलेले बहुतेक पाते शिकारीला पुरेसे धारदार नसते, आणि विकत घेणाऱ्याला ते कळत नाही. पात्याच्या उतारावर मार्करने काळी शाई लावावी आणि बारीक कानशीवर किंवा दगडावर एकच हलका हात फिरवावा. शाई जिथून गेली तिथेच कानस लागली. ती धारेपासून मागेपर्यंत सारखी निघाली पाहिजे. केवळ मागची निघाली तर कोन फार सपाट धरला आहे, केवळ कडेची निघाली तर फार उभा. प्रत्येक बाजूला साधारण २५ अंशांचा कोन धरून घासत जावे, तोवर की दुसऱ्या बाजूला नखाला अडेल अशी धातूची बारीक किनार उलटलेली जाणवेल. तेव्हा बाजू पालटावी. मग दगड बारीक करत, हात हलका करत जावे आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर मागच्या दिशेने ओढून ती किनार पूर्ण काढावी. हातावरचे केस पाते न दाबता साफ निघाले पाहिजेत. माझी दुसरी परीक्षा रबरबँडची आहे: तो दोन खिळ्यांमध्ये सैल ताणावा आणि धार त्याला फक्त टेकवावी. तुटला तर ठीक; पात्याने त्याला ढकलत नेले, तर रक्तवाहिनीचेही तसेच होईल, ती बाजूला सरेल आणि कापली जाणार नाही. धार लावलेल्या पात्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा, आणि भात्यात पाती पूर्ण झाकलेलीच असावीत. धनुर्धराला झालेल्या सर्वांत वाईट जखमा बऱ्याचदा त्याच्याच पात्यांच्या असतात.

जुळणी: तंबोरा लावतो तसे

आता धनुष्य आणि बाण एकमेकांशी जुळवायचे. क्रम मोडू नये, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

पहिल्यांदा दोरीची उंची, म्हणजे मुठीच्या सर्वांत खोल भागापासून दोरीपर्यंतचे अंतर, ज्याला ब्रेस हाइट म्हणतात. रिकर्व्हला ते साधारण ७ ते साडेआठ इंच, लाँगबोला ६ ते साडेसात इंच असते; बनवणाऱ्याने सांगितलेल्या पट्ट्याच्या खालच्या टोकापासून सुरुवात करून दोरीला थोडे थोडे पीळ देत उंची वाढवावी आणि दर वेळी चारपाच बाण सोडावेत. एका जागी धनुष्याची थरथर आणि आवाज स्पष्टपणे कमी होतो. डोळे मिटून ऐकले तर ही जागा लवकर सापडते. तिची नोंद करावी.

नंतर दोरीवरची नॉकची, म्हणजे बाणाच्या शेपटीची खाच बसते ती, जागा. चौरसपट्टीने पाहता बाण दोरीला काटकोनात असताना खाचेची खालची कड येते त्याच्या सुमारे अर्धा इंच वर सुरुवात करावी आणि खाचेच्या खालीही दुसरी गाठ बांधावी, म्हणजे बाण दोरीवरून खाली सरकणार नाही. सुरुवात मुद्दाम वरून करण्याचे कारण आहे. नॉक फार खाली असेल तर बाणाची शेपूट फळीवर आपटून वर उसळते आणि बाण ‘नॉक वर आहे’ असा खोटा पुरावा देतो. त्यावर विश्वासून माणूस नॉक आणखी खाली नेतो आणि दिवसभर चकतो.

मग बिनपिसांच्या बाणाची परीक्षा. एकाच मापाचे तीन बाण पिसांचे आणि दोन बिनपिसांचे घ्यावेत, १० यार्डांवर उभे राहावे आणि एकाच ठिपक्यावर नेम धरून ते सोडावेत. पिसे बाणाच्या चुका झाकतात. बिनपिसांचा बाण काही झाकत नाही. तो निशाणात कसा तिरका उभा आहे याच्याकडे फार लक्ष देऊ नये, कारण गवताच्या गठ्ठ्यात शिरताना तो वळतो. तो कुठे लागला ते पाहावे. आधी वरखाली: बिनपिसांचा बाण खाली लागत असेल तर नॉक किंचित खाली आणावा, वर लागत असेल तर वर न्यावा. वरखाली एक झाल्याशिवाय डावीउजवीकडे हात लावू नये. त्यानंतर, उजव्या हाताने सोडणाऱ्यासाठी, बिनपिसांचा बाण डावीकडे लागला तर बाण ताठ आहे आणि जड टोक लावून पाहावे. उजवीकडे लागला तर लवचीक आहे आणि टोक हलके करावे किंवा दांडा कापावा. डावखुऱ्याने दिशा उलट घ्याव्यात.

माझ्या शेवटच्या जुळणीत ५०० स्पाइनचा कार्बन दांडा साडेतीस इंच लांब होता, टोक २०० ग्रेनचे, ओढ ४६ पौंड. बिनपिसांचे दोन्ही बाण वीतभर उजवीकडे गेले. टोक हलके करणे सोपे होते, पण वजन मला पुढेच हवे होते, म्हणून दांडा पाव इंच कापला. बाण थोडे जवळ आले. आणखी पाव इंच; आता अंतर तीन बोटांचे. तिसऱ्यांदा कापण्याआधी मी त्या दिवशी थांबलो, कारण हात थकला होता आणि थकलेला हात दोरी नीट सोडत नाही, आणि त्याची चूक मग दांडा कापून दुरुस्त केली जाते. दुसऱ्या सकाळी शेवटचा पाव इंच काढला आणि १५ यार्डांवर पाचही बाण तळहाताखाली झाकले गेले. फळीच्या बाजूची पट्टी थोडी जाड केली तरी बाण ताठ वागतो, आणि पातळ केली तर लवचीक. शेवटचा केसभर फरक मी कापण्याऐवजी अशा पट्टीनेच मिटवतो.

एवढे झाल्यावरही पात्याशिवाय निकाल लागत नाही. सरावाच्या टोकाच्या नेमक्या वजनाचे पाते बसवावे, बाण पात्याच्या टोकावर उभा करून भिंगरीसारखा फिरवावा आणि जोडाकडे पाहावे. तिथे थरथर दिसली तर पाते वाकडे बसले आहे. ते काढून पुन्हा बसवावे, तरीही डगमगत असेल तर तो बाण सरावापुरता ठेवावा. नंतर २० यार्डांवर पात्याचे आणि साध्या टोकाचे बाण आळीपाळीने सोडावेत. दोन्ही एकाच जागी पडले, तरच ती जोडी शिकारीची. पाती डावीकडे जात असतील तर बाण अजून थोडा ताठ आहे, उजवीकडे तर लवचीक, हेच उत्तर इथेही लागू आहे. पिळलेल्या पिसांचा बाण सरळ दिसतो म्हणून ही पायरी टाळणारे पुष्कळ भेटतात. पात्याला वारा लागला की त्यांचे बाण कुठे जातात हे त्यांनाही शिकारीच्या दिवशीच कळते.

आपला टप्पा ओळखणे

तुमचा टप्पा किती, हे सरावाच्या पन्नासाव्या बाणावरून ठरवू नये. रोज सकाळी, हात गरम न करता, शिकारीचेच कपडे घालून, गुडघ्यावर किंवा स्टुलावर बसून, एकच बाण सोडावा आणि तो कुठे लागला ते वहीत लिहावे. महिनाभराने ज्या अंतरावर असे जवळजवळ सगळे बाण जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात आहेत, ते अंतर तुमचे. बहुतेकांचे ते १५ ते २० यार्डांच्या आत निघते आणि त्यात कमीपणा काही नाही. १७५ फूट प्रतिसेकंद गतीच्या बाणाला २० यार्ड जायला सुमारे एक तृतीयांश सेकंद लागतो, दोरीचा आवाज मात्र त्याच्या कितीतरी आधी पोहोचतो. सावध हरीण तेवढ्या वेळात पळण्यासाठी खाली दबते आणि बाण त्याच्या पाठीवरून जातो किंवा वर लागतो. म्हणूनच दोरीवर लोकरीचे गोंडे बांधून आवाज मारावा, आणि कान टवकारलेल्या जनावरावर बाण सोडू नये. ते पूर्ण आडवे, किंवा किंचित पाठमोरे तिरके उभे असले पाहिजे, म्हणजे बाण पुढच्या पायामागून दोन्ही फुप्फुसांत जातो. समोरून येणारे, चालणारे किंवा झुडपामागचे जनावर कितीही जवळ असले तरी जाऊ द्यावे.

बाण लागल्यावर जागचे हलू नये. जनावर जिथे उभे होते आणि जिथे शेवटचे दिसले त्या दोन्ही जागा मनात पक्क्या कराव्यात आणि मग बाण शोधून वाचावा. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस. तिथेही अर्धा तास थांबावे. काळपट लाल म्हणजे यकृत, तीनचार तास. हिरवट, दुर्गंधीचा बाण म्हणजे आतडे, आणि तेव्हा आठ ते बारा तास माग घेऊ नये, कारण उठवलेले जखमी जनावर मैलभर जाते, न उठवलेले बहुधा जवळच्या झाडीतच बसून राहते. माग काढताना रक्ताच्या प्रत्येक शेवटच्या थेंबावर खुणेची फीत बांधत जावे आणि मागे वळून त्या फितींची रेषा पाहावी. पुढे रक्त दिसेनासे झाले, तर जनावर कुठे वळले असेल हे ती रेषाच सांगते.